बुद्ध केव्हा येणार?

मित्रांनो, एक कोडं घालते. पुस्तकाचं नाव ‘बुद्ध’. पहिला भाग चांगला जाडजूड, चारशेच्या आसपास पानांचा. उघडा, पानं उलटत जा. राजवाडे दिसतील, लढाया दिसतील, गुलामांचा बाजार दिसेल. पण ज्यांच्या नावाचं पुस्तक, ते काही भेटायचे नाहीत. सिद्धार्थाचा जन्म तेवढा होतो. बाकीचा सगळा भाग दुसऱ्यांचाच! अशा पुस्तकाला तुम्ही किती मार्क द्याल?

थांबा, घाई करू नका. आधी पुस्तकाची ओळख करून घेऊ.

जपानमध्ये चित्रकथेला ‘मंगा’ म्हणतात. तिथं लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे मंगा वाचतात. या मंगाचे राजे म्हणजे ओसामु तेझुका (१९२८ ते १९८९). शिक्षणानं डॉक्टर, पण हातातली पेन्सिल काही सुटली नाही. ‘ॲस्ट्रो बॉय’ हा यंत्रमुलगा त्यांनीच १९५२ मध्ये जगाला दिला. ‘बुद्ध’ ही मालिका सप्टेंबर १९७२ मध्ये एका मासिकात सुरू झाली आणि डिसेंबर १९८३ मध्ये संपली. म्हणजे अकरा वर्षं चाललेली गोष्ट! पहिला भाग वाचताना पाचवीत असलेला मुलगा शेवटचा भाग वाचेपर्यंत नोकरीला लागला असेल. गंमत म्हणजे ते मासिक मुलांचंच होतं, जसं हे तुमच्या हातातलं साप्ताहिक. पुढे २००३ ते २००५ या काळात इंग्रजीत या मालिकेचे आठ भाग निघाले, आणि २००४ व २००५ अशी दोन वर्षं तिला अमेरिकेतला चित्रकथांचा मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

जपानी मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, आपल्याला शेवटचं वाटतं ते त्यांचं पहिलं पान. या इंग्रजी आवृत्तीत मात्र पानं आरशात दिसावीत तशी उलटी करून छापली आहेत, त्यामुळे ती आपल्या सवयीनं वाचता येते.

आता गोष्ट. चाप्रा नावाचा एक गुलाम मुलगा आहे. त्याच्याकडे सोपवलेला मालकाचा माल चोरीला जातो, आणि त्याची शिक्षा म्हणून मालक त्याच्या आईला विकायला निघतो. चोरी करणारा तत्ता हा त्याच्याहूनही खालचा मानलेला, गावकुसाबाहेरचा पोरगा. पण या तत्ताकडे एक जादू आहे. तो मनानं जनावरांच्या अंगात शिरू शकतो! दोघांची गाठ पडते आणि गोष्ट धावत सुटते. पुढे चाप्रा कोसल देशाच्या सेनापतीचा जीव वाचवतो. सेनापती त्याला मुलगा मानतो. पण एक अट आपोआप आलीच: आपण कुठल्या घरात जन्मलो हे चाप्रानं कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर सगळं संपलं. आणि एक दिवस त्याची आई त्याला शोधत समोर येऊन उभी राहते.

शेवट मी सांगणार नाही. तो ज्यानं त्यानं वाचावा.

आमची शाळा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे शनिवारच्या शेवटच्या तासांना मी पान दाखवायचे आणि मराठीत गोष्ट सांगायचे. काही पानं थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत, ती मी बाजूला ठेवली. तुम्हीही हे पुस्तक घरातल्या मोठ्यांना दाखवूनच वाचा. पहिला भाग संपला तेव्हा सहावी-सातवीच्या मुलांना मी एकेक चिठ्ठी दिली आणि म्हटलं, “नाव घालू नका. काय वाटलं ते लिहा.”

पहिल्या दहा-बारा चिठ्ठ्यांत एकच वाक्य: ‘पुस्तक छान आहे. मला खूप आवडले.’ ही वाक्यं परीक्षेच्या पेपरातून उडून आलेली! मी चिठ्ठ्या परत वाटल्या आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: ‘का?’

मग मात्र खरी मतं बाहेर आली.

एकानं लिहिलं, ‘मॅडम, बुद्ध येते केव्हा? नाव बुद्धाचं अन् गोष्ट चाप्राची, हे फसवणं झालं.’ या मताच्या बाजूनं बरेच जण होते. त्यावर एका मुलीचं उत्तर ऐका. ती म्हणाली, “आधी दुखणं दाखवलं, मग डॉक्टर येईल.” लोक इतके दुःखी का होते हे कळल्याशिवाय सिद्धार्थ घर सोडून का गेला ते कळणार नाही, असं तिचं म्हणणं. दोघांनीही एकच पुस्तक पाहिलं होतं. एकाला उणीव दिसली, दुसरीला तीच युक्ती वाटली. कोण बरोबर? दोघंही, कारण दोघांनी कारण दिलं.

दुसरा वाद सशावरून झाला. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बर्फात पडलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट येते. त्याला अस्वल मासे आणून देतं, कोल्हा फळं आणतो. सशाला काहीच मिळत नाही, तेव्हा तो स्वतःच आगीत उडी घेतो. ही मूळ आपल्याकडचीच गोष्ट, जातककथांमधली. मात्र जातकातली आग थंड असते, ससा जळत नाही आणि शक्र म्हणजे इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. म्हणून तर चंद्राला शशांक म्हणतात! जपानी मुलांनाही चंद्रावर ससाच दिसतो. तेझुकांच्या गोष्टीतला ससा मात्र खरोखर मरतो. मी दोन्ही शेवट सांगितले. अर्धा वर्ग म्हणाला, ससा वाचायला हवा होता. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ते पान मी परत पाहिलं नाही. पण ससा वाचला असता तर मी ते विसरूनही गेलो असतो.’ हे वाक्य वाचून मीही थोडा वेळ गप्प बसले.

गोलगोल डोळ्यांच्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांत इतकं मरण कशाला, असंही काहींनी विचारलं. याचं थोडं उत्तर तेझुकांच्या आयुष्यात आहे. १९४५ मध्ये ओसाका शहरावर बॉम्ब पडले तेव्हा ते तिथल्या एका कारखान्यात कामाला लावलेले विद्यार्थी होते. सोळा वर्षांच्या मुलानं जे पाहिलं ते हातातून उतरणारच.

एक चिठ्ठी जरा नाराजीची होती. ‘आमच्या घरी बुद्धांची मूर्ती आहे. रोज वंदना होते. या पुस्तकात मधेमधे विनोद आहेत ते मला बरे वाटले नाहीत.’ आपल्या विदर्भात हे मत समजून घ्यायलाच हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून कितीतरी घरांत बुद्ध म्हणजे गोष्टीतलं पात्र नाही, घरातलं माणूस आहे. ‘मला हे रुचलं नाही’ हेही मतच, आणि तेही कारणासकट होतं. त्यावर कुणी हसलं नाही.

आणि मग आला चाप्रा. त्यावर तर वर्ग दोन तुकड्यांत फुटला.

“त्यानं आईले ओळख द्यायलाच पाहिजे होती,” एक मुलगा तावातावानं बोलला. “काहून लपवलं? आईपेक्षा सेनापती मोठा काय?”

मागच्या बाकावरून आवाज आला, “सांगितलं असतं तर दोघंबी मेले असते. लपवणं त्याची चूक नाही. लपवा लागते, ही चूक हाये. अन् ते दुसऱ्याची हाये.”

वर्गात एकदम शांतता झाली. त्या मुलानं पुस्तकावर मत दिलं होतं की आपल्या सगळ्यांवर? मुलांनो, आडनाव विचारून मग पाण्याचा तांब्या पुढे करायचा की नाही हे ठरवणारी माणसं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतच असती तर किती बरं झालं असतं! त्या शनिवारी घंटा झाली तरी कुणी दप्तराला हात लावला नाही.

मत मांडायला वय लागत नाही, हे आपल्या महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिलं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं ‘छान’ आणि ‘वाईट’ एवढंच लिहिलं असतं तर आज तिचं नाव कुणी घेतलं असतं का?

या पुस्तकाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सिद्धार्थ, शुद्धोदन, महामाया ही नावं आपल्या परंपरेतली. चाप्रा आणि तत्ता मात्र तेझुकांच्या डोक्यातून आलेले. जनावरांच्या अंगात शिरणं हीसुद्धा कल्पना. म्हणून परीक्षेत बुद्धांविषयी लिहिताना चाप्राला आणू नका, नाहीतर तुमचे सर माझ्या नावानं ओरडतील! इतिहास कुठं संपतो आणि कल्पना कुठं सुरू होते ते शोधणं हाही वाचनातला खेळच आहे.

चित्रांतून गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. बुलढाण्याहून अजिंठ्याची लेणी फार लांब नाहीत. सहलीला गेलात तर सतरा नंबरच्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबा. शेजारच्या वाशिमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्मला, ज्या वाकाटकांची राजधानी होती त्यांच्यातला राजा हरिषेण. त्याच्या काळात, पाचव्या शतकात, ही चित्रं रंगवली गेली. त्यांत महाकपीची जातककथा आहे. माकडांचा राजा आपल्या अंगाचा पूल करतो आणि त्यावरून सगळ्या कळपाला पलीकडे सोडतो. तिथं मंगासारख्या चौकटी नाहीत. एकाच भिंतीवर गोष्टीतले वेगवेगळे प्रसंग शेजारी शेजारी असतात, तेच पात्र पुन्हा पुन्हा दिसतं. डोळ्यांनी वाट शोधत गोष्ट वाचायची. पंधराशे वर्षांपूर्वीही त्या भिंतीसमोर उभं राहून कुणीतरी लहानग्यानं विचारलं असेलच, “यात बुद्ध कुठं आहेत?” आणि कुणीतरी सांगितलं असेल की तो माकडच, मागच्या एका जन्मातले बुद्ध!

तर आता तुमची पाळी. कुठल्याही मालिकेचा पहिला भाग वाचलात की चार प्रश्न स्वतःला विचारा. कुठल्या पानावर थांबलो? कुठलं पान भराभर उलटलं? कुणाचा राग आला? दुसरा भाग मिळाला तर आधी काय शोधेन? उत्तरं लिहा, आणि प्रत्येकापुढे ‘कारण’ हा शब्द घाला. मग ते पुस्तक मंगा असो, चांदोबाचा जुना अंक असो नाहीतर शाळेच्या पेटीतलं कव्हर फाटलेलं एखादं पुस्तक असो.

आमच्या वर्गात अजून एकमत झालेलं नाही. सशावर नाही, चाप्रावर तर नाहीच. दुसऱ्या भागात सिद्धार्थ मोठा होऊ लागतो. ‘फसवणं झालं’ असं लिहिणारा तो गडी आता दर शनिवारी सगळ्यांच्या आधी पुढच्या रांगेत येऊन बसतो.