गिरमिटाच्या वहीतले पूर्वज

घोटीच्या हमाल-कामगारांत उभी हयात घालवलेला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो हमालीच्या दराबद्दल बोलणार, अशी तुमची अटकळ असणार. आज मी पूर्वजांच्या शोधाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण झाले एक पाहुणे.

दोन वर्षांमागे मॉरिशसचे एक शिक्षक त्र्यंबकेश्वरी पितरांचे काही करावे म्हणून मुंबईहून निघाले होते. त्र्यंबकचा फाटा घोटीहूनच फुटतो. आमच्या कचेरीपाशी ते चहाला थांबले. त्यांचे मराठी शाळेत शिकलेले, जपून बोललेले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर त्यांच्या खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, वय, उंची, जात, जहाज, उतरल्याची तारीख, गालावरचा व्रण आणि एक नंबर, एवढे सगळे होते. जिल्हा रत्नागिरी. आठवीत शाळा सुटलेल्या मला स्वतःच्या पणजोबांचे नावसुद्धा धड ठाऊक नाही, आणि समुद्रापार गेलेल्या एका मजुराच्या गालावरचा व्रणसुद्धा लिहून ठेवलेला! हे कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस मात्र तोडावाच लागणार होता. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली, आणि १८३४ पासूनच करारावरचे मजूर पोर्ट लुई बंदरात उतरू लागले. ह्या 'अ‍ॅग्रीमेंट'चेच आपल्या लोकांनी गिरमिट केले. सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिकडे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून निघाली. मुंबईहून गेलेली त्यांच्या मानाने थोडी, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे बरीच. बंदरावरच्या ज्या धक्क्यावर ती उतरत तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसा ठरला.

करार बहुधा पाच वर्षांचा. पगारातली एक रीत आमच्या कामगारांना मी मुद्दाम सांगतो. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापला जाई. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगावे लागे. ते नसले की तो भटका ठरे आणि पोलीस त्याला धरून नेत. ह्याविरुद्ध १८७१ साली नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला. तो लिहिण्यात पुढाकार आदोल्फ द प्लेवित्झ ह्या जर्मन वंशाच्या गृहस्थाचा होता. मळेवाले त्याच्यावर तुटून पडले, पण चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावेच लागले.

आता गंमत अशी, की मजूर पळाला तर सापडावा म्हणून जी वही भरली, तीच आज त्याच्या वंशजांना गावाचा रस्ता दाखवते. त्या वह्या आणि फोटो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. शोधणाऱ्याने आधी घरातले जुने जन्म-विवाहाचे दाखले काढावेत. त्यांवर मजुराचा नंबर लिहिलेला असे. नंबर मिळाला की वही उघडते.

पण मराठी माणसाची अडचण पुढेच सुरू होते. वहीत आडनावाला जागा नव्हती. नाव आणि बापाचे नाव, एवढेच. पुढे पहिल्या पिढीचे नाव हेच दुसरीचे आडनाव झाले. म्हणून तिकडे सखाराम हे कुटुंबाचे नाव असते, आणि ते घराणे मूळचे सावंत की परब, हे कोणाला सांगता येत नाही. गावाचे नाव परक्या कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले. शिवाय १९८१ साली रत्नागिरीचा दक्षिण भाग तुटून सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा जुन्या कागदातले रत्नागिरी म्हणजे आजचे रत्नागिरीच असे समजू नये.

आमच्या पाहुण्यांना वाटत होते की त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय वही उघडून वंशावळ काढून देतील. नाशिक-त्र्यंबकच्या ह्या नामावळ्या खरोखरच मोलाच्या आहेत. यात्रेला आलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तिथे मिळतात. मात्र त्या गाव आणि आडनाव सांगितल्यावर शोधता येतात. आणि ज्याच्या घरचा कोणी यात्रेला आलाच नाही, त्याचे नाव तिथे असायचे कशाला? मग उरतात गावचे दप्तर, जन्म-मृत्यूची कोतवाल-बुके आणि मोडीतले कागद. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा किंमत आली आहे; त्याचा फायदा अशा पाहुण्यांनाही व्हावा. पुढे त्यांचे पत्र आले. कागदातल्या स्पेलिंगाला जुळणारी दोन गावे निघाली होती, आणि ते दोन्हीकडे जाऊन आले होते.

आमच्या घरी सांगतात की आमचा मूळपुरुष नगरकडून थळ घाटाच्या कामावर आला. कसारा-इगतपुरीचा तो रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. घाटातल्या बोगद्यांची लांबी, पुलांची उंची आणि साहेब इंजिनियरांची नावे पुस्तकांत छापलेली मिळतात. सुरुंग लावणारे नि दगड वाहणारे मुकादमाच्या टोळीत मोजले गेले. पटकी आली की टोळीतली डोकी कमी झाली, इतकेच. समुद्र ओलांडणाऱ्याला निदान नंबर मिळाला. नगरहून घाटापर्यंत चालत आलेल्याला तोही मिळाला नाही. मी बरीच खटपट केली, माझ्या हाती काही लागलेले नाही.

आमच्या युनियनच्या सभासद-वहीत नाव, वय आणि सही-अंगठा असे तीनच रकाने होते. गेल्या वर्षी मी त्यात बापाचे नाव, मूळ गाव आणि तालुका वाढवले. अकोल्याकडचा एक म्हातारा हमाल म्हणाला, "भाऊ, गाव कशाला पायजे? कामाला तर इथंच हाय." मी त्याला पाहुण्यांच्या कागदाची हकीकत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग आईचंबी लिवा." वहीची पाने आम्हाला पुन्हा आखावी लागली.