नेमून दिलेले मरण

काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही इंग्रजी कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. लेखकाला २०१७ साली नोबेल मिळाले. कादंबरीतल्या इंग्लंडमध्ये काही माणसे केवळ अवयव काढून घेण्यासाठी जन्माला घातली जातात. कॅथी, रूथ आणि टॉमी हेलशॅम नावाच्या निवासी शाळेत वाढतात. मोठेपणी त्यांनी ‘दान’ करायचे आणि चौथ्या दानापर्यंत ‘पूर्ण’ व्हायचे. मेला असे कोणी म्हणत नाही. भाषा किती सोवळी!

मरण सर्वांनाच आहे, म्हणून ही साऱ्या मानवजातीची कथा, असे समीक्षक सांगतात. अनित्यता आम्हा बौद्धांना नवी नाही. परंतु निसर्गाने येणारे मरण वेगळे आणि जन्मावरून नेमून दिलेले मरण वेगळे. दुसऱ्याचे लाभार्थी असतात.

हेलशॅमच्या मादाम मुलांची चित्रे गोळा करतात. कशासाठी? तर या मुलांनाही आत्मा आहे हे समाजाला पटावे म्हणून! आणि मुले जवळ आली की त्याच मादाम शहारतात. हा शहारा आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. आम्ही तर आत्माच मानत नाही. जगण्याच्या हक्कासाठी तो सिद्ध का करावा? घटनेच्या कलम २१ मध्ये ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, तेवढा पुरेसा आहे.

कॅथी आणि टॉमी शेवटी सुटका मागत नाहीत. तीन-चार वर्षांची मुदतवाढ मागतात. तीही मिळत नाही. कॅथीकडे मोटार आहे, ती एकटी देशभर हिंडते. तरी जिथे हजर व्हायचे तिथे ती हजर होते.