दीड इंचाची पायरी

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरात सौंदत्तीचे वेध लागतात. माझी पत्नी धारवाडची, ती तिला 'भारत हुण्णिमे' म्हणते. आई 'माघी पुनव' म्हणते. देवी दोघींची एकच, यल्लम्मा. जायची गाडीही ठरलेली. अप्पांची जुनी जीप.

गेली दोन वर्षे मात्र आई घरीच राहिली. विचारले तर "गुडघे" एवढेच उत्तर. खरी अडचण मला नंतर कळली. तिला जीपमध्ये चढताच येत नव्हते. मी स्टूल आणून ठेवले, तर म्हणाली, "स्टूल लावून चढवायला मी काय सामान आहे? आणि ही गाडी एवढी उंच कधी झाली रे?"

उत्तर मला ठाऊक होते. गाडी मीच उंच केली होती, १९९४ साली.

आमची जीप 'सीजे-३बी' जातीची. महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९५३ मध्ये विलीसने हे नवे रूप काढले. आतले नवे इंजिन आधीपेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण आपल्याकडे तो तोंडवळा त्यानंतरही बरीच वर्षे रस्त्यावर येत राहिला. अप्पांनी ती खानापूरकडच्या शेतीसाठी जुनीच घेतली होती.

जीपमध्ये चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाके सगळे चासीवर. पत्र्याची बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली आणि दोहोंच्या मध्ये रबराचे जाड तुकडे. त्यांना कोणी बुश म्हणतो, कोणी बॉडी रबर. अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाटमध्ये अशी अखंड वेगळी चासी नाही, त्यामुळे हा प्रकार तिथे चालत नाही. जीपमध्ये मात्र रबर जाड घातले की बॉडी वर जाते, पातळ घातले की खाली येते.

तरुणपणी मला मोठ्या टायरांची हौस. ते मडगार्डला घासत होते, म्हणून दीड इंच जादा जाडीची रबरे घालून घेतली. गाडी रुबाबदार दिसू लागली. अप्पा एकदाच म्हणाले, "गिअर हाताला लागत नाही रे." मी हसून सोडून दिले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा दिवाळी होताच जीप उद्यमबागेतल्या मेस्त्रींकडे नेली. हे मेस्त्री मराठी समजतात, बोलतात मात्र कन्नडमध्ये. मी "आज संध्याकाळपर्यंत होईल ना?" म्हणताच उत्तर आले, "अवसर माडब्याडरी." घाई करू नका. मग त्यांनी गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी बॅटरीची तार काढली. डॅशबोर्डाखाली स्टिअरिंगची दांडी धरणारी पट्टी सैल केली, गिअरच्या दांड्यांभोवतीचा पत्रा उघडला. मग एका बाजूचे बोल्ट काढले. दुसऱ्या बाजूचे फक्त सैल केले, म्हणजे बॉडी जागची सरकत नाही. जॅकवर लाकडी फळी ठेवून बॉडी हळूहळू उचलली. फळी नसेल तर पत्र्याला पोचा येतो. जुनी रबरे काढली, पातळ घातली, मग दुसरी बाजू. पुढची जाळीही रबरावरच बसते. तीही तेवढीच खाली घ्यावी लागली. नाही तर बॉनेट नीट बसत नाही.

माझा मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, आणखी पातळ घाला ना, गाडी मस्त बसकी दिसेल." मेस्त्रींनी हातातले रबर दाबून दाखवले. "इष्ट साकरी." एवढे पुरे. शेतातल्या चाकोरीत चासी पिळवटते, तो पीळ रबर सोसते. फार पातळ किंवा फार कडक घातले तर तोच ताण पत्र्यावर येतो आणि बोल्टच्या भोकापाशी तडे जातात. गाडीचा थरथराटही थेट पाठीत जातो.

बॉडी उतरल्यावर तपासणी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, बॉडीवर. पुढची नळी चासीवर. मधला रबरी पाइप आता सैल पडला होता; तो गरम सायलेन्सरला टेकू नये म्हणून आखूड करून बांधला. ब्रेकच्या नळ्या पाहिल्या. रबरामुळे बॉडी चासीपासून तुटते, म्हणून अर्थिंगची तार घासून पुन्हा घट्ट केली. टायरही मूळ मापाचे, ६.००-१६ चे घातले. मोठे टायर आता घासलेच असते. त्याने आणखी इंचभर उंची कमी झाली. मात्र रस्त्यापासून चासीचे अंतर जे कमी झाले ते केवळ टायरमुळे, रबरामुळे नव्हे.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. आम्ही गाडी मूळ मापावर आणत होतो, तरी नवा बदल करणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारावे.

काम संपत आले तेव्हा मेस्त्रींच्या पोराने ड्रायव्हरच्या पाठीमागून गोणपाटाची एक घडी काढली. "हे टाकू का?" मी ती हातात घेतली आणि उलगडा झाला. पेडल आणि गिअर चासीवर असतात. बॉडी दीड इंच वर गेली तेव्हा अप्पांची सीट वर गेली, गिअरची मूठ आणि पेडल मात्र खालीच राहिले. अप्पा उंचीने बेताचे. पाय पोचावा म्हणून ते पाठीशी घडी घालून पुढे सरकून बसत होते. शेवटपर्यंत तशीच गाडी चालवली. माझ्या हौसेचे भाडे त्यांनी भरले आणि मला कळूही दिले नाही.

घडी मी टाकली नाही. घरी आणली.

पौर्णिमेच्या पहाटे आईने उजव्या हाताने दांडी धरली, पाय टाकला, थोडी थांबली आणि चढली. पत्नी मागे हात धरून उभी होती, पण लागला नाही. गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकताना मूठ बरोबर हाताखाली आली. आईने ते पाहिले.

"आता तुझ्या अप्पांनाही लागला असता," ती म्हणाली. आणि पदर सावरून नीट बसली.