चार स्पीकर आणि मधली एक तार

मार्शल कंपनीच्या चार स्पीकरवाल्या गिटार कॅबिनेटच्या पाठीवर एक छोटी पट्टी असते. मोनो ४ ओहम, मोनो १६ ओहम, स्टिरिओ ८ ओहम, असे पर्याय तिच्यावर छापलेले असतात. नवीन गिटारवादक ही पट्टी वाचून हमखास एक प्रश्न विचारतो. आत १६ ओहमचे चार स्पीकर आहेत, ॲम्प्लिफायरला ८ ओहम हवेत. मग चारही स्पीकर एकाच ॲम्पवर वाजवून ८ ओहम का मिळत नाहीत? एक बटण वाढवायला कंपनीला काय जड होते?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दहावीच्या एकसर-समांतर जोडणीतच मिळते. चार सारखे रोध, चारही वापरायचे, एकसर आणि समांतर जोडण्या हव्या तशा मिसळायच्या. असे केले की एकूण रोधाच्या नऊच किमती मिळतात, दहावी नाही. १६ ओहमचे स्पीकर घेतले तर सर्वांत मोठी किंमत ६४, सर्वांत लहान ४. ८ या नऊ किमतींमध्ये नाहीच. तिच्या सर्वांत जवळ येणाऱ्या दोन किमतींपैकी एक ६.४ ओहम. दोन स्पीकर एकमेकांना एकसर जोडायचे आणि उरलेले दोन त्या जोडीला समांतर लावायचे, की ती मिळते.

पण ६.४ ओहमच्या जोडणीत सुट्या दोन स्पीकरांना प्रत्येकी ४० टक्के शक्ती मिळते आणि एकसर जोडीतल्या दोघांना प्रत्येकी जेमतेम १० टक्के. शंभर वॅटचा ॲम्प आणि सेलेशनचे २५ वॅटचे ग्रीनबॅक स्पीकर असा नेहमीचा संसार असेल, तर दोन स्पीकरांवर चाळीस-चाळीस वॅट येतील. त्यांची कॉइल जळायला फार वेळ लागणार नाही. नऊपैकी फक्त तीनच किमतींमध्ये शक्ती चौघांत सारखी वाटली जाते: ६४, १६ आणि ४. त्यांतली ६४ कुठल्याच गिटार ॲम्पच्या कामाची नाही. उरलेल्या दोन पट्टीवर छापल्या जातात. स्टिरिओत कॅबिनेटचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भागात दोन स्पीकर समांतर येतात, म्हणून तिथे ८ दिसतात. कंपनीने काहीही हातचे राखलेले नाही.

सुरुवातीला हे सगळे असे आखीव नव्हते. ड्रम वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या जिम मार्शल यांनी पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल इथे वाद्यांचे दुकान काढले. १९६२ साली केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांच्या साथीने त्यांनी जेटीएम-४५ हा ॲम्प बाजारात आणला. त्याचे सर्किट अमेरिकेतल्या फेंडर बॅसमनवरून घेतलेले होते. बॅसमनमध्ये दहा इंची, ८ ओहमचे चार स्पीकर सरळ समांतर होते, म्हणजे एकूण २ ओहम. मार्शलच्या कॅबिनेटमध्ये बारा इंची स्पीकर आले आणि जोडणीही बदलली: दोन-दोनच्या एकसर जोड्या, त्या जोड्या एकमेकींना समांतर. एका स्पीकरचा जेवढा रोध, तेवढाच चौघांचा मिळून. पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडला आठ स्पीकरांचे एकच खोके हवे होते. तसे खोके बनलेही, पण ते उचलताना सामान वाहणाऱ्या मंडळींची कंबर मोडू लागली. मग त्याचे दोन भाग करून एकावर एक ठेवले गेले. १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ ओहम होतात. एका खोक्याला न साधलेला आकडा दोन खोक्यांना असा सहज साधतो.

आता मधल्या तारेबद्दल. ती खरी गंमत आहे.

दोन एकसर जोड्या समांतर लावल्या की प्रत्येक जोडीला एक मध्यबिंदू मिळतो. काही कारागीर हे दोन मध्यबिंदू एका तारेने जोडतात, काही जोडत नाहीत. तार असो वा नसो, एकूण १६ ओहमच राहतात. चारही स्पीकर सारखे असतील तर दोन्ही मध्यबिंदूंवर व्होल्टता सारखी असते आणि त्या तारेतून प्रवाह वाहतच नाही. तराजूची दोन्ही पारडी समान झाली की काटा मधोमध उभा राहतो, तसे. प्रयोगशाळेत व्हीटस्टनचा पूल वापरलेल्या कुणालाही ही आकृती लगेच ओळखू येईल: चार रोध, मध्ये गॅल्व्हानोमीटर, काटा शून्यावर.

या पुलाला चार्ल्स व्हीटस्टन यांचे नाव मिळाले असले तरी तो मूळ त्यांचा नाही. सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी तो १८३३ मध्ये मांडला होता. व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी त्याचा उपयोग लोकांपुढे आणला आणि श्रेय क्रिस्टींना दिले, तरी नाव व्हीटस्टन यांचेच चिकटले. हे व्हीटस्टन वाद्ये बनवणाऱ्या घरातले. हातात धरून वाजवायची कॉन्सर्टिना ही त्यांचीच. त्यांच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा म्हणजे ऑलिव्हर हेविसाइड.

हेविसाइड यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, आणि ही मोठी उणीव आहे. १८५० मध्ये लंडनच्या कॅमडेन टाउनमध्ये जन्म, लहानपणच्या तापाने ऐकू कमी येणारे कान, सोळाव्या वर्षी सुटलेली शाळा, मग तारेच्या कंपनीत नोकरी. बावीस वर्षांच्या या तारमास्तराने १८७३ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये निबंध छापला. विषय काय, तर व्हीटस्टनच्या पुलाची सर्वांत उत्तम मांडणी. थोरामोठ्यांना न सुटलेले ते गणित होते. विल्यम थॉमसन आणि मॅक्सवेल या दोघांनीही त्याची वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी हेविसाइड यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कधी धरली नाही. मॅक्सवेलच्या समीकरणांना आज आपण शिकतो तो सुटसुटीत आकार त्यांनी दिला. 'इम्पीडन्स' हा शब्द १८८६ मध्ये त्यांनीच रूढ केला. कॅबिनेटच्या पाठीवरच्या ओहमच्या आकड्यामागे जी कल्पना आहे, तिला शास्त्रात पक्की जागा मिळाली ती या माणसामुळे. १८८९ मध्ये ते आईवडिलांसह डेव्हनमधल्या पेन्टनला राहायला गेले. तिथे त्यांचा मुक्काम भावाच्या वाद्यांच्या दुकानाच्या वर होता.

गिटारवाल्यांमध्ये या मधल्या तारेवरून बरेच वाद झडतात. तार असली की आवाज 'घट्ट' येतो, नसली की 'मोकळा'. एकसर जोडणीत स्पीकरला लगाम राहत नाही, असेही म्हणतात. चारही स्पीकर एकाच बनावटीचे असतील तर या दाव्यांना आधार नाही. मधून प्रवाहच वाहत नसेल तर ती तार ऐकू कशी येणार? दोन निराळ्या बनावटीचे स्पीकर मिसळले तर पुलाचा तोल बिघडतो. मग मात्र फरक पडू शकतो.

तारेचा खरा फरक आवाजात नाही, अपघातात दिसतो. समजा एका स्पीकरची कॉइल तुटली. तार नसेल तर तिच्या जोडीतला दुसराही गप्प होतो आणि उरलेले दोघे पूर्वीइतकाच भार घेऊन वाजत राहतात. तार असेल तर तिघे वाजतात, पण तुटलेल्या स्पीकरच्या समांतर असलेल्या एकट्यावर सगळा प्रवाह येतो. व्होल्टता तीच राहिली असे धरले तर त्याच्यावरचा भार जवळजवळ पावणेदोन पट होतो. भर कार्यक्रमात एका स्पीकरपाठोपाठ दुसराही जातो तो असा.

इम्पीडन्स म्हणजे नुसता रोध नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. ८ ओहमच्या स्पीकरवर मल्टिमीटर लावला तर साडेसहा-सातच्या आसपास आकडा येतो, १६ ओहमच्यावर साधारण बारा-तेरा. स्पीकर खराब आहे म्हणून असे होत नाही. मीटर एकदिश प्रवाहाने मोजतो, म्हणून आकडा कमी येतो. वाजताना इम्पीडन्स वारंवारतेनुसार बदलतो. ग्रीनबॅकचा अनुनाद ७५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे इम्पीडन्स कित्येक पटींनी चढतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे अगदी त्याच डोंगराच्या उतारावर.

व्हॉल्व्हच्या ॲम्पला हे आकडे जुळलेले लागतात. ईएल-३४ व्हॉल्व्हच्या जोडीला साधारण साडेतीन हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर १६ ओहमचा. मधला ट्रान्सफॉर्मर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने ही दरी सांधतो. स्पीकर न जोडताच असा ॲम्प जोरात वाजवला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टता भलतीच चढते आणि तो जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचे उलट आहे. त्याला स्पीकर नसला तरी चालतो, पण भार सांगितल्यापेक्षा कमी ओहमचा झाला की त्याचे ट्रान्झिस्टर तापतात. आपल्याकडच्या मंडपांत वापरल्या जाणाऱ्या अहुजा ॲम्पवर ओहमच्या खुणांच्या शेजारी १०० व्होल्टचीही खूण असते, ती लांबवर टांगलेल्या भोंग्यांसाठी. तिथे प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ओहमची बेरीज-भागाकार करायची गरजच उरत नाही. सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज ॲम्पच्या वॅटपेक्षा कमी राहिली की झाले.