खेळता खेळता शिकवणारा संगणक

१९६७ साली अमेरिकेत सेमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्यात आज्ञेप्रमाणे फिरून रेघा काढणारे ‘कासव’ आले. किती पावले चालायचे, किती अंशांत वळायचे हे मूल सांगे, आणि कासव चौकोन काढे. चुकले तर आज्ञा बदलायची. भूमिती अशी हाताशी येई. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांबरोबर अक्षरओळखीचे, बेरजांचे तयार खेळ आले. त्यांतील बरेचसे म्हणजे पाठांतराला जोडलेले बक्षीसच. पॅपर्ट यांचा विचार त्यांहून कितीतरी सखोल होता.

भारतात १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पाने बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आणले, पण ते माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी. लहान मुले बाहेरच राहिली. २००७ मध्ये मात्र रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक पोहोचले. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांचा कळफलक रबराने बंद केलेला होता. त्यांत जोड्या जुळवण्याचा खेळ, चित्रकला, संगीत होते, आणि ‘टर्टल आर्ट’च्या रूपाने लोगोचे कासवही. तिथे आज्ञा टंकायच्या नव्हत्या; रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की कासव चाले.