जमातखान्यात फायर अलार्म वाजला तर? आधी बाहेर, मग चौकशी

खाली निकाहची गडबड, वर बायका-मुलं आणि अचानक अलार्म वाजतो. आपण काय करतो? एकमेकांकडे बघतो, "लोबानचा धूर लागला असेल" म्हणतो आणि बसून राहतो. इथेच चुकतं.

लोबान, देगेची वाफ, धूळ यांनी अलार्म वाजू शकतो, हे खरं. पण खरा की खोटा, हे बसल्या जागी कळत नाही. आगीत बरेचसे जीव ज्वाळांनी नाही, धुरानेच जातात.

म्हणून उठायचं आणि जिन्याने बाहेर पडायचं. लिफ्ट नको. धूर असेल तर खाली वाकून चालायचं. दारात चपला शोधत थांबू नये, मागचे लोक अडकतात. घरच्यांना शोधायला पुरुषांनी उलटं जिना चढू नये. कुठे भेटायचं ते आधीच ठरवावं. नमाज चालू असेल तर? जीव वाचवण्यासाठी नमाज तोडायला शरियतची इजाजत आहे, ती नंतर अदा करता येते.

बाहेर आल्यावर 101 किंवा 112 ला फोन करावा. अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय आत जाऊ नये.

ट्रस्टींनाही आमची विनंती: महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो दिलाय का, बघा. आणि मागच्या दारापुढे रचलेल्या खुर्च्या आजच हटवा.