प्रकारमान्यता, हेलिकॉप्टर वैमानिकाची
परवानाधारक वैमानिकास विशिष्ट प्रकारचे हेलिकॉप्टर चालविण्यासाठी स्वतंत्रपणे मिळवावी लागणारी अधिकृत मान्यता. व्यवहारात तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. भारतात व यूरोपात ती प्रत्येक प्रकारासाठी लागते. अमेरिकेत मात्र सु. ५,६७० किग्रॅ.पेक्षा जड हेलिकॉप्टरांपुरतीच ती सक्तीची आहे.

नियम जाचक वाटला, तरी त्यास सबळ कारण आहे. अमेरिकन हेलिकॉप्टरांचे मुख्य रोटर वरून पाहता सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. फ्रेंच अल्वेट-३ चे, व तिच्यावरून हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने बांधलेल्या ‘चेतक’चे, काट्यांच्या दिशेने फिरते. परिणामी शक्ती वाढविताना पहिल्या प्रकारात डावे पेडल दाबावे लागते, तर दुसऱ्यात उजवे. पायांना जडलेली सवय अशा वेळी घातक ठरते. एंजिन बंद पडल्यास रॉबिन्सन आर-२२ च्या हलक्या पात्यांची गती झपाट्याने घटते आणि वैमानिकास तत्क्षणी पात्यांचा कोन कमी करावा लागतो. बेल-४७ ची जड पाती त्यास थोडी उसंत देतात. हे ज्ञान पुस्तकातून अंगी बाणत नाही.

प्रचलित हेलिकॉप्टरांचे शिक्षण सहज मिळते. विरळ प्रकाराच्या बाबतीत मात्र मान्यताप्राप्त शिक्षक, परीक्षक आणि उड्डाणयोग्य हेलिकॉप्टर ही तिन्ही एकाच ठिकाणी जुळून यावी लागतात. सदृशक (सिम्युलेटर) तर बहुधा नसतोच. कामान कंपनीच्या के-मॅक्समध्ये एकच आसन असते. एकमेकांत गुंतून फिरणारी दोन रोटरे असलेल्या या भारवाहू यंत्रात शिक्षकास शेजारी बसताच येत नाही, म्हणून त्यातील पहिले उड्डाणही शिकाऱ्यास एकट्यानेच करावे लागते. या हेलिकॉप्टराचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. मिशिगनमधील एन्स्ट्रॉम कंपनी जानेवारी २०२२ मध्ये बंद पडली व नव्या मालकीखाली त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. अशा खंडाची झळ सुट्या भागांइतकीच प्रशिक्षणासही पोहोचते. ब्रिटिश वेस्टलंड-३० हेलिकॉप्टरे पन्नासांहूनही कमी बांधली गेली. त्यांपैकी २१ भारतात पवन हंस या सरकारी कंपनीकडे आली. १९९१ मध्ये त्यांची उड्डाणे थांबली आणि ती मान्यता येथे केवळ कागदावर उरली.

म्हणून विरळ हेलिकॉप्टर विकत घेण्यापूर्वीच शिक्षणाची सोय पाहणे शहाणपणाचे होय. प्रथम निर्मात्याकडे विचारणा करावी. निर्माता उरला नसेल, तर तोच प्रकार प्रत्यक्ष उडविणाऱ्या कंपन्यांचा शोध घ्यावा. त्यांच्याकडील शिक्षक हाच पुष्कळदा एकमेव आधार असतो. परदेशी शिक्षण स्वदेशी ग्राह्य धरले जाईल की नाही, हे आपल्या विमानवाहतूक प्राधिकरणाकडून (भारतात नागरी विमानन महानिदेशालय) आधी लेखी ठरवून घ्यावे. नाव निराळे दिसले म्हणून प्रकार निराळा असतोच असे नाही. चेतकसाठी शिक्षक शोधणाऱ्याने अल्वेट-३ च्या जाणकारांकडेही पाहावे.

मान्यता मिळाल्यावरही परीक्षकाची गरज संपत नाही. यूरोपात हेलिकॉप्टराची प्रकारमान्यता ठरावीक मुदतीपुरतीच असते व ती टिकविण्यासाठी सामान्यतः वेळोवेळी त्या प्रकारच्या चाचणीत उत्तीर्ण व्हावे लागते. देशातील एकमेव परीक्षक निवृत्त झाला, तर कुशल वैमानिकासही चाचणीसाठी दुसऱ्या देशाची वाट धरावी लागते.